मुलगी मोस्तारला चालली आहे: तिथल्या शाळांमधलं भाषेचं भांडण नेमकं काय आहे?

मेघना_कोथरूड

नमस्कार मंडळी,

माझ्या लेकीची बोस्निया-हर्झेगोव्हिनातल्या मोस्तारच्या यूडब्ल्यूसीत (युनायटेड वर्ल्ड कॉलेज) दोन वर्षांच्या आयबीसाठी (अकरावी-बारावीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) निवड झाली आहे. आपल्याकडे मुळशीत जे महिंद्र कॉलेज आहे, त्याच साखळीतलं हे. आनंद आहेच, पण सासूबाईंना नकाशात गाव दाखवताना माझीच पंचाईत झाली.

वाचता वाचता असं कळलं की ज्या इमारतीत हे कॉलेज आहे, तिथेच गावातली जुनी सरकारी शाळा भरते आणि तिच्यात बोस्नियाक (म्हणजे तिथल्या मुस्लिम) मुलांच्या तुकड्या वेगळ्या, क्रोएट (बहुतेक कॅथलिक) मुलांच्या वेगळ्या. कारण काय, तर भाषा! आमच्या ह्यांच्या ऑफिसात एक सर्बियन गृहस्थ होते, ते म्हणायचे की भाषा एकच आहे, नावं चार आहेत. मग तुकड्या वेगळ्या कशाला? आणि भाषा खरंच वेगळ्या असतील तर लेकीनं जायच्या आधी कुठली शिकायला घ्यायची? एका ॲपवर सर्बियन दिसते, एका साइटवर क्रोएशियन, बोस्नियन मात्र शोधावी लागते.

विकिपीडिया वाचून झालाय. तिथे राहिलेलं, शिकवलेलं कुणी इथे असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

बंड्या_धरमपेठ

अभिनंदन! तिथे गेलेलो नाही, पण लहानपणी पोस्टाची तिकिटं जमवायचो त्यात युगोस्लाव्हियाची बरीच होती. देशाचं नाव एकाच तिकिटावर दोन लिप्यांत असायचं. तेव्हा वाटायचं, छापणाऱ्याची चूक झाली असेल.

मध्यंतरी कुठेतरी वाचलं की माँटेनिग्रोवाल्यांनी स्वतःची भाषा जाहीर केली आणि मुळाक्षरांत दोन अक्षरं वाढवली. खरं का हो? जाणकारांनी प्रकाश टाकावा. खुर्ची घेऊन बसलो आहे.

---

सुमन_मिरज

मेघना, लेकीला शाबासकी सांग. मी त्याच इमारतीत काही वर्षं गणित शिकवलं आहे. आता निवृत्त होऊन मिरजेत असते. लांबण लागेल, चहा घेऊन बस.

इमारतीपासून सुरुवात करते. स्पॅनिश चौकात आहे, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमलातली, मूरिश कमानींची. १९९३ साली क्रोएट आणि बोस्नियाक फौजा जिथे समोरासमोर होत्या तो बुलेव्हार रस्ता तिथून हाकेच्या अंतरावर. इमारतीची पार चाळणी झाली होती. युद्धानंतर दोन्ही बाजूंच्या शाळा २००४ मध्ये कागदोपत्री एक झाल्या. प्रशासन एक, विद्यार्थी मंडळ एक, संगणकाची प्रयोगशाळा एक. अभ्यासक्रम मात्र दोन राहिले आणि अभ्यासक्रम दोन म्हणून तुकड्या दोन. यूडब्ल्यूसी तिथे २००६ मध्ये आलं. म्हणजे तुझी लेक ज्या जिन्यानं वर जाईल त्याच्या आसपास बोस्नियाक आणि क्रोएट मुलं आपापल्या वर्गात बसलेली असतील. सर्ब मुलं मोस्तारात आता थोडीच. युद्धाआधी चिकार होती.

आता भाषा. माझा विषय गणित, त्यामुळे मला हे भांडण त्रिकोणावरून कळलं. एका तुकडीत त्रिकोण म्हणजे ‘त्रोकुत’, शेजारच्या तुकडीत ‘त्रोउगाओ’. कोन इथे ‘कुत’, तिथे ‘उगाओ’. दोन्ही तुकड्यांत कोनांची बेरीज १८० अंशच. सरकारी शाळेतले गणिताचे सहकारी मधल्या सुट्टीत एकमेकांची गणितं काढून द्यायचे, शब्दावरून कुणाचं अडलंय असं मी एकदाही पाहिलं नाही. तुमच्या ह्यांचे सर्बियन गृहस्थ बोलायच्या भाषेपुरतं बरोबर सांगत होते. व्याकरण एक, बहुतेक शब्द एक. हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयातसुद्धा दुभाषे एकच असत, त्या भाषेला तिथे ‘बीसीएस’ म्हणत. साक्षीदार सर्ब, आरोपी क्रोएट, वकील बोस्नियाक, तरी कानाला लावायचा चॅनल तोच.

पण शाळेत भाषा हा फक्त बोलायचा मामला नसतो. तिथे ‘राष्ट्रीय विषयांचा गट’ नावाचं एक प्रकरण आहे. मातृभाषा आणि साहित्य, इतिहास, भूगोल, धर्म आणि धाकट्यांसाठी परिसर अभ्यास. २००२ मध्ये करार झाला, तो युद्धानंतर आपापल्या गावी परतलेल्या कुटुंबांसाठी. गावात आता बहुसंख्य दुसरेच असले तरी आपल्या मुलांना निदान एवढे विषय आपल्या अभ्यासक्रमातले मिळावेत. हेतू चांगला होता. बाकी गणित, शास्त्र, चित्रकला, खेळ सगळ्यांनी एकत्र करायला कुणाची ना नव्हती. पण हर्झेगोव्हिना-नेरेत्वा, मध्य बोस्निया आणि झेनित्सा-दोबोय या तीन कॅन्टनांत, म्हणजे प्रांतांत, ‘आमचा अभ्यासक्रम’ म्हणजे पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत सगळंच आमचं, असा अर्थ लावला गेला. गणितसुद्धा! माझं डोकं तिथे फिरतं.

याला तिकडे ‘एका छताखाली दोन शाळा’ म्हणतात. युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेनं, म्हणजे ओएससीईनं, २०१८ मध्ये मोजदाद केली तेव्हा २८ ठिकाणी अशा ५६ शाळा होत्या. कुठे एकीला सकाळची पाळी, दुसरीला दुपारची. कुठे दारं वेगळी. त्राव्निकमध्ये तर एकाच जुन्या इमारतीच्या दोन अंगांना दोन शाळा, मध्ये कुंपण. मोस्तारची आपली शाळा त्या मानानं पुढारलेलीच म्हणायची.

हे चालतं कसं, तर पैसा आणि नोकऱ्या. युद्ध थांबवणारा डेटनचा करार १९९५ साली झाला. त्याच्या शेवटीच लिहिलंय की हा मजकूर बोस्नियन, क्रोएशियन, इंग्रजी आणि सर्बियन भाषांत केला आहे. तिथे तीन भाषांवर शिक्का बसला. देशाचे दोन भाग झाले, एक बोस्नियाक-क्रोएटांचं फेडरेशन आणि एक सर्बांचं रेपुब्लिका सर्पस्का. फेडरेशनमध्ये दहा कॅन्टन, प्रत्येकाला आपला शिक्षणमंत्री. सर्पस्काला वेगळा. ब्रच्को जिल्ह्याला स्वतंत्र खातं. एवढं सगळं पस्तीस लाखांच्या देशासाठी, म्हणजे साधारण पुणे शहराएवढ्या वस्तीला! देशपातळीवर शिक्षणमंत्री नाहीच. नागरी व्यवहार मंत्रालय थोडंफार बघतं. दोन शाळा म्हणजे दोन मुख्याध्यापक, दोन शिक्षकखोल्या, दोन शिपाई, दोन सचिव. आणि नेमणुका पक्षाच्या वशिल्यानं. हे एकत्र करा म्हणणं म्हणजे गावातल्या अर्ध्या जागा काढा म्हणणं. भाषेच्या अस्मितेबद्दल पोटतिडकीनं बोलणाऱ्या काही मंडळींचं पोट कुठे आहे ते पाहून घ्यावं, असं माझं मत झालं आहे. तुम्हाला पटेल न पटेल.

मध्य बोस्नियाच्या एका शिक्षणमंत्रीणबाईंनी २००७ साली जाहीर सांगून टाकलं होतं की सफरचंदं आणि नासपती एकत्र करायची नसतात, त्यामुळे ही पद्धत बंद होणार नाही. मुलांबद्दल बोलत होत्या त्या.

न्यायालयानं झोडपलेलं आहे बरं का. ‘वाशा प्रावा’ या कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेनं स्तोलाट्स आणि चाप्लिना इथल्या शाळांवरून दावा लावला. मोस्तारच्या न्यायालयानं हा भेदभाव आहे असं म्हटलं आणि २०१४ मध्ये फेडरेशनच्या सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. निकाल लागला, पाळ्या तशाच राहिल्या.

इतिहासाची तर वेगळीच गंमत. सारायेव्होत २८ जून १९१४ ला ऑस्ट्रिया-हंगेरीच्या युवराजाला, आर्चड्यूकला, गोळ्या घालणारा गाव्रिलो प्रिन्सिप सर्ब मुलांच्या पुस्तकात स्वातंत्र्यवीर असतो आणि बोस्नियाक-क्रोएट मुलांच्या पुस्तकांत सर्बियाच्या पाठबळावर खून करणारा. शताब्दीला, २०१४ मध्ये, पूर्व सारायेव्होत त्याचा पुतळा उभारला. हे शंभर वर्षांपूर्वीचं झालं. परवाच्या युद्धाचं तर बोलायलाच नको. २००० साली युरोप परिषदेनं सांगितलं होतं की १९९२ ते ९५ शाळेत तूर्त शिकवू नका, इतिहासकारांना आधी एक रीत ठरवू द्या. ती रीत काही ठरली नाही, जो तो आपापलं शिकवू लागला. २०१७ मध्ये सर्पस्काचे अध्यक्ष दोदिक यांनी जाहीर केलं की सारायेव्होचा वेढा आणि स्रेब्रेनित्साचा वंशसंहार शिकवणारी पुस्तकं आमच्या शाळांत चालणार नाहीत. स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून जास्त बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्यातल्या कुणाच्या तरी नातवंडांनी सर्पस्कातल्या शाळेत बसून काय वाचायचं?

आमच्या घरमालकीणबाई टिटोच्या, म्हणजे कम्युनिस्ट युगोस्लाव्हियाच्या, काळातल्या प्राथमिक शिक्षिका. त्या सांगायच्या, आमच्या वर्गात मुलं दोन्ही लिप्यांत लिहायची, एक आठवडा लॅटिन (इंग्रजीची असते ती), एक आठवडा सिरिलिक (रशियनसारखी). सारायेव्होचं ‘ओस्लोबोजेन्ये’ हे दैनिकसुद्धा दोन्ही लिप्यांत निघायचं. त्यांच्या भाचीचा नवरा क्रोएट, भाची बोस्नियाक. मुलीचं नाव शाळेत घालायची वेळ आली तेव्हा घरात बोलणंच बंद. फॉर्मवर एकच भाषा लिहायची असते. शेवटी क्रोएशियन लिहिली. कारण विचाराल तर भाषेबिषेचं काही नाही. क्रोएशिया २०१३ मध्ये युरोपियन युनियनमध्ये गेला, मुलीकडे बापामुळे क्रोएशियाचा पासपोर्ट, आणि त्या अभ्यासक्रमाचा दाखला झाग्रेबमध्ये सहज चालतो. घरमालकीणबाई महिनाभर फुरंगटून होत्या. मग नातीला शिकवायला त्यांनीच क्रोएशियन अंकलिपी आणली.

बंड्या, माँटेनिग्रोचं खरं आहे. २००७ च्या घटनेत माँटेनिग्रिन ही राजभाषा झाली आणि २००९ मध्ये श आणि झ च्या जवळच्या दोन उच्चारांसाठी दोन अक्षरं आली. शाळेतल्या विषयाचं नाव काय ठेवायचं यावर मात्र वर्षानुवर्षं घोळ. २००४ मध्ये ‘मातृभाषा’ असं नाव केलं तर निक्शिचमधल्या काही शिक्षकांनी शिकवायचं नाकारलं आणि नोकऱ्या घालवल्या. २०११ मध्ये तडजोड झाली ती अशी: विषयाचं नाव ‘माँटेनिग्रिन-सर्बियन, बोस्नियन, क्रोएशियन भाषा आणि साहित्य’. मुलांच्या गुणपत्रकावर एवढं नाव मावतं कसं, ही माझी शिक्षकी शंका.

---

पराग_झाग्रेब

सुमनताई, सुरेख लिहिलंत, पण थोडं दुसऱ्या बाजूनं. मी नोकरीनिमित्त इथे असतो. माझ्या टीममध्ये दोघं पश्चिम हर्झेगोव्हिनातले क्रोएट आहेत. त्यांच्यासमोर ‘भाषा एकच’ म्हटलं की जेवणाच्या टेबलावर शांतता पसरते. मी आता म्हणत नाही.

त्यांचं म्हणणं असं. युगोस्लाव्हियात १९५४ च्या नोव्ही साद करारानं भाषा एक ठरली, नाव सर्बो-क्रोएशियन. प्रत्यक्षात सैन्यात, रेल्वेत, केंद्राच्या कारभारात बेलग्रेडचं, म्हणजे सर्बियन, वळण चालायचं. १९६७ मध्ये झाग्रेबच्या लेखक-भाषातज्ज्ञांनी क्रोएशियन हे नाव आणि दर्जा मागणारं जाहीरनामा-पत्र काढलं, तर सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षानं कारवाई केली. १९७१ मध्ये तयार झालेला क्रोएशियन शुद्धलेखनाचा ग्रंथ इथे बाजारात येऊच दिला नाही. पुढच्या वर्षी तो लंडनमध्ये छापला गेला. शुद्धलेखनाचं पुस्तक! त्यामुळे कुणी परदेशी माणूस येऊन ‘अहो तुमची भाषा एकच आहे, एका वर्गात बसा’ म्हणाला की त्यांना वाटतं पुन्हा तेच सुरू झालं.

आणि आकडे बघा. २०१३ च्या जनगणनेत बोस्नियात बोस्नियाक ५०.१ टक्के, सर्ब ३०.८, क्रोएट १५.४. एकत्र शाळा म्हणजे कुणाची शाळा होणार? १५ टक्केवाल्याची नक्कीच नाही. नोकऱ्या, वशिला सगळं मान्य. पण भीती खोटी नाही.

---

सुमन_मिरज

पराग, भीती खोटी आहे असं मी म्हटलं नाही. लंडनच्या त्या पुस्तकाची गोष्ट आमच्या शिक्षकखोलीतही ऐकली आहे, सांगणाऱ्याचे डोळे अजून लाल होत. पण मी तुला त्याच २००२ च्या कराराची दुसरी बाजू दाखवते, मग सांग.

कोन्येविच पोल्ये हे ब्रातुनात्सजवळचं, सर्पस्कातलं गाव. शाळेतली बहुतेक मुलं बोस्नियाक, युद्धानंतर परतलेल्या घरांतली. त्यांच्या आईबापांनी मागितलं काय, तर तोच २००२ चा राष्ट्रीय विषयांचा गट. आमच्या मुलांना बोस्नियन भाषा आणि आमचा इतिहास-भूगोल द्या. मिळाला नाही. २०१३ मध्ये त्यांनी मुलं शाळेतून काढली आणि सारायेव्होत उच्च प्रतिनिधींच्या (डेटन करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्याच्या) कार्यालयासमोर तंबू ठोकून थंडीत बसले. मुलांचे वर्ग नोव्हा कासाबा इथे वेगळे भरवले. सर्पस्काचं म्हणणं, घटनेत बोस्नियन नावाची भाषाच नाही, ‘बोस्नियाक लोकांची भाषा’ आहे, तेवढंच लिहू. म्हणजे मुलाच्या गुणपत्रकावर त्याच्या भाषेला नाव मिळणार नाही, एक वर्णन मिळणार.

आता बघ. जो हक्क मोस्तारात आणि त्राव्निकमध्ये ताणून ताणून कुंपण केला, तोच कोन्येविच पोल्येत मुलांना दिलाच नाही. दोन्ही ठिकाणी ठरवणारा कोण, तर त्या त्या भागातला बहुसंख्य. तुझे १५ टक्केवाले देशात अल्पसंख्य आहेत, पण पश्चिम मोस्तारात आणि हर्झेगोव्हिनाच्या त्या पट्ट्यात ते बहुसंख्य आहेत आणि तिथे शाळेच्या चाव्या त्यांच्याकडे आहेत. त्राव्निकमध्ये आणि सारायेव्होत बोस्नियाकांकडे आहेत. बान्या लुकात सर्बांकडे. भाषेला धोका आहे असं सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा माणूस कधी चाव्या नसलेल्या बाजूचा नसतो. चाव्या नसलेले तंबूत बसलेले असतात.

आणि एकत्र शाळा म्हणजे नक्की कुणाची शाळा, या प्रश्नाला ब्रच्कोनं उत्तर देऊन दाखवलं आहे. तो जिल्हा कुठल्याच भागाला न देता लवादानं स्वतंत्र केला. आधी, २००० साली, तिथल्याही विद्यार्थ्यांनी एकत्र बसायला नको म्हणून मोर्चे काढले होते, हे सांगायला हवं. मग २००१ पासून आंतरराष्ट्रीय पर्यवेक्षकाच्या अमलाखाली शाळा एकत्र झाल्या. मूल आपल्या भाषेत बोलतं, आपल्या लिपीत लिहितं, शिक्षकानं त्यावरून लाल शाई चालवायची नाही. फळ्यावर दोन्ही लिप्या. मी तिथे गणिताच्या एका कार्यशाळेला गेले होते. एका तासाला बाईंनी प्रश्न सिरिलिकमध्ये लिहिला, मुलीनं उत्तर लॅटिनमध्ये लिहिलं आणि कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. स्वर्ग आहे असं नाही. आईवडील आपापल्या पक्षालाच मतं देतात आणि मुलं अठराव्या वर्षी जर्मनीला जातात, ती सगळीकडूनच जातात. पण आकाश कोसळलं नाही. शिक्षकांचे पगार तेव्हा आजूबाजूपेक्षा बरे होते, त्याचाही हात असणार. पुन्हा पैसाच, बघ.

याय्त्सेची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मध्य बोस्नियातलं धबधब्याचं गाव. १९४३ साली टिटोच्या माणसांनी इथेच बसून नव्या युगोस्लाव्हियाचा पाया घातला होता. तिथल्या माध्यमिक शाळेत मुलं एकत्र शिकत होती, अभ्यासक्रम क्रोएशियन. २०१६ मध्ये कॅन्टननं ठरवलं की बोस्नियाक मुलांसाठी वेगळी शाळा काढू. वर वर बघता हे अल्पसंख्याच्या भल्याचंच. पण मुलं रस्त्यावर आली, बोस्नियाक आणि क्रोएट दोन्ही, की आम्हाला वेगळं करू नका. पुढच्या वर्षी त्राव्निकला कॅन्टनच्या दारात जाऊन निदर्शनं केली आणि बेत बारगळला. २०१८ मध्ये या मुलांना अल्पसंख्याकांसाठीच्या कामाचा माक्स फान डर स्टूल पुरस्कार मिळाला. म्हणून आनंदानं नाचायला जाऊ नका. अभ्यासक्रमाचा मूळ प्रश्न सुटला नाही, बोस्नियाक मुलं अजूनही क्रोएशियन अभ्यासक्रमच शिकत राहिली. दुसरी भिंत बांधली गेली नाही, एवढंच पदरात पडलं.

एक गणितवाली म्हणून बोलते. २०१८ ला बोस्निया पहिल्यांदा ‘पिसा’ या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत बसला. गणितात ४०६ गुण, ओईसीडीची, म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांच्या संघटनेची, सरासरी ४८९. त्रोकुतवाले आणि त्रोउगाओवाले दोघंही त्रिकोणातच मागे! यावर एकाही मंत्र्यानं तंबू ठोकलेला ऐकला नाही.

---

इतिहासवेडा_सातारा

छान चर्चा. पण ‘भाषा एकच, उगाच वेगळं करतात’ हे सगळ्या बाल्कनला लावू नका. कोसोव्होत अल्बेनियन आणि सर्बियन यांचा एकमेकींशी जवळचा संबंध नाही. तिथे १९९० नंतर सर्बियाच्या मिलोशेविचच्या सरकारनं सर्बियाचा अभ्यासक्रम लादला, न मानणाऱ्या अल्बेनियन शिक्षकांना काढलं, मुलांना शाळांच्या इमारती बंद झाल्या. मग अल्बेनियनांनी घरांमध्ये, तळघरांत, गॅरेजमध्ये समांतर शाळा चालवल्या. परदेशात राहणाऱ्या कोसोव्होकरांच्या वर्गणीवर! १९९६ मध्ये रोमच्या संत एजिदियो मंडळाच्या मध्यस्थीनं मिलोशेविच आणि अल्बेनियनांचे नेते रुगोवा यांनी मुलांना इमारतींत परत घेण्याच्या करारावर सह्या केल्या. अंमलबजावणी रखडली, मग युद्धच आलं. आज उलट चित्र आहे: कोसोव्होतली सर्ब मुलं बेलग्रेडच्या अभ्यासक्रमाच्या शाळांत जातात आणि एका देशात वाढणाऱ्या तरुण अल्बेनियन आणि सर्ब मुलांना आपसात बोलायला बऱ्याचदा इंग्रजी लागते. म्हाताऱ्यांना लागत नाही.

अवांतर: आपल्याकडच्या पहिलीपासून हिंदीच्या वादाशी याची तुलना करावी काय?

---

सुमन_मिरज

कोसोव्होबद्दल शंभर टक्के मान्य. तिथे वेगळे वर्ग भाषेमुळे लागतात, बोस्नियात वेगळ्या वर्गांसाठी भाषा लागते.

अवांतराला मी हात लावणार नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे येऊन भांडेन. मेघनाच्या लेकीचं राहून जाईल.

---

मेघना_कोथरूड

सुमनताई, पराग, सगळ्यांचे मनापासून आभार. लेक शेजारी बसून वाचते आहे. तिचे प्रश्न: (१) मग शिकू काय? (२) दुकानात, बसमध्ये भाषेचं नाव काय घेऊ म्हणजे कुणी दुखावणार नाही? (३) खालच्या मजल्यावरच्या मुलांशी मैत्री करता येते का, की ती आपसात बोलतच नाहीत?

---

सुमन_मिरज

बाळ, क्रमानं सांगते.

जे ॲप हाताशी आहे ते घे. क्रोएशियन शिकलीस तरी मोस्तारात नेरेत्वा नदीच्या दोन्ही काठांवर, क्रोएटांच्या पश्चिमेला आणि बोस्नियाकांच्या पूर्वेला, तुझं काम भागेल. सर्बियन घेतलीस तर ‘म्लेको’सारखे उच्चार तिथे ‘म्लियेको’ करावे लागतील, आठवड्याभरात जमतं. हर्झेगोव्हिनाचं बोलणं कानाला गोड आहे. एकोणिसाव्या शतकात प्रमाणभाषा ठरवताना त्याच बोलीचा आधार घेतला होता, याचा तिथल्या तिन्ही बाजूंना सारखाच अभिमान आहे. एवढ्या एका बाबतीत एकमत.

नावाचं म्हणशील तर समोरच्याला बोलू दे आणि तो म्हणेल ते म्हण. बिनधास्त शहाणपण हवं असेल तर ‘नाश येझिक’ म्हण, म्हणजे ‘आपली भाषा’. परदेशी पोरीनं ‘आपली’ म्हटलं की हसतात आणि बहुधा कॉफीचे पैसे घेत नाहीत. कॉफीला मात्र जपून. ती ‘कावा’ मागायची, ‘काफा’ मागायची की ‘काहवा’, यावरून तू कुठल्या काठाची असा अंदाज बांधणारे वेटर आहेत. सुरुवातीला बोट दाखवलेलं बरं.

मैत्री होते. संगणकाच्या तासाला, नाटकात, बास्केटबॉलला एकत्र असतात. पण शाळा सुटल्यावर बरीच मुलं आपापल्या काठाला जातात, पालक सांगतात म्हणून कमी आणि मित्र तिकडेच आहेत म्हणून जास्त. व्हेलेज आणि झ्रिन्स्की या दोन फुटबॉल क्लबांचा सामना असेल त्या दिवशी मात्र लाल शर्ट नको, पांढरा नको, सरळ वसतिगृहात अभ्यास कर. कुणाला ‘तू कोण? बोस्नियाक की क्रोएट?’ असं विचारू नकोस. नावावरून त्यांना कळतं, तुलाही हळूहळू कळायला लागेल. कळलं तरी न कळल्यासारखं राहायचं. वडील युद्धात कुठे होते हेही विचारायचं नाही, ते स्वतःहून सांगतील तेव्हा ऐकायचं.

आणि सिरिलिक येताना शिकूनच ये. मोस्तारात पाट्या लॅटिनमध्ये मिळतील, पण सुट्टीत मैत्रिणींबरोबर त्रेबिन्येला किंवा नेव्हेसिन्येला जायला निघालीस की सर्पस्का लागतं आणि पाट्या बदलतात. तीस अक्षरं आहेत, देवनागरी येणाऱ्या मुलीला दोन दुपारी पुरतात. सराव करायला माझ्याकडे तिथल्या पाचवीची गणिताची दोन जुनी पुस्तकं आहेत, एक लॅटिनमधलं, एक सिरिलिकमधलं. मेघना, पत्ता व्यक्तिगत संदेशात कळव, मिरजेहून पुण्याला येणारं कुणी ना कुणी असतंच.